दोरीची मागची बाजू

१

मानसी, आधी दार लाव. पाणीबिणी नंतर. बस इथे आणि ऐक, कारण हे मला दुसऱ्यांदा सांगता येणार नाही. हाताच्या बँडेजकडे बघू नकोस, त्याचं शेवटी येतं. आणि मध्येच 'अपू, तू झोपतेस ना गं नीट?' चालू करायचं नाही, प्लीज. झोपते मी. हे सगळं दिवसाढवळ्या झालंय. अंधेरीत, सातव्या मजल्यावर, किचनमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत असताना.

ते दोरीचं मशीन आठवतं ना? मी स्टोरी टाकली होती आणि तू खाली हसणारी तोंडं टाकली होतीस? तेच.

म्हणजे कसं, माझ्या चॅनलसाठी लोक मला घरच्या जिमचं सामान पाठवतात. मी दहा दिवस वापरते, मग सांगते, घ्या किंवा घेऊ नका. डंबेल, बेंच, ते पोट कमी करायचे भंगार पट्टे, सगळं झालंय. साकीनाक्याची एक कंपनी आहे. तिथला हर्षद नावाचा माणूस महिनाभर मागे लागला होता. "मॅडम, रोप पुल अटॅचमेंट. प्रीमियम आहे. एकदा बघाच."

मागच्या आठवड्यात, गुरुवारी खोका आला. आणि मानसी, मला तेव्हाच डाउट आला होता. नवीन माल म्हणे, आणि खोक्याला टेप दोनदा लावलेली. आधीची कापलेली, वर दुसरी. फोन केला, तर म्हणतो, "क्यूसीला उघडला होता मॅडम."

ठीक आहे. क्यूसी, माल तपासतात ते.

मशीन कसं असतं ते ऐक, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा लोखंडी रॅक आहे ना, त्याला ते नटबोल्टने बसतं. वर काळा डबा, त्यात ड्रम. खाली जमिनीजवळ पुली. दोघांभोवती जाड दोरी, गोल, टोकच नाही. डब्याला समोरून एक फट असते, तिथून दोरी बाहेर येते. ती आपण खाली ओढायची, हातावर हात, विहिरीतून कळशी काढल्यासारखी. आपण समोरची ओढली की मागची बाजू आपोआप वर जाते, डब्यात शिरते आणि समोरून परत येते. सहा मीटरचा फेरा. जोर किती लागणार ते चुंबकाने ठरतं, एक ते आठ नंबर. मोटर नाही. प्लग नाही. फक्त सेलवरची एक छोटी स्क्रीन. त्यावर 'आज' किती मीटर आणि 'एकूण' किती मीटर.

संपलं. एवढंच मशीन.

२

रॅक बाबांच्या खोलीत आहे. दुसरीकडे जागाच कुठेय? हॉलमध्ये मी झोपते. बाबांना आठ महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हापासून बेड तिकडे, व्हीलचेअर तिकडे, माझा रॅक पण तिकडे. उजवी बाजू गेलेली. तीस वर्षं लेथ चालवली त्या माणसाने साकीनाक्याला. सुताएवढी चूक बोटाने ओळखायचा. आणि आता तो हात मांडीवर पडलेला असतो, कोणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा. फिजिओवाली प्रियंका गोड आहे, पण मागच्या महिन्यात मला दाराबाहेर नेऊन म्हणाली, "ताई, हाताचं फार मनावर घेऊ नका आता."

आणि बोलणं. तेरा वर्षांचे असताना मालवणहून आले, जन्म गेला मुंबईत, पण झटक्यानंतर तोंडातून फक्त मालवणी येते. अर्धी मला कळत नाही. शकुमावशी, दिवसा त्यांना बघायला येतात त्या, जालन्याच्या आहेत, त्यांना तर चार शब्दांतला एक कळतो. तरी दोघं दिवसभर भांडतात.

मी मशीन बसवलं तेव्हा बाबा खुर्चीतून बघत होते. लेथवाल्याची नजर. डावा हात पुढे करून म्हणाले, "हेका मोटर खंय आसा?"

"नाही बाबा. मोटर नसतेच ह्याला."

डबा उघडून दाखवायला लावला. ड्रम, चुंबक, बेअरिंग. बघितलं, मान हलवली, लावायला सांगितलं. म्हणजे मानसी, लक्षात ठेव, आतमध्ये काही नव्हतं. मी एकटीने नाही, तीस वर्षांच्या कारागिराने बघितलंय.

मग मी ओढायला लागले. एक नंबरवर. कंपनीच्या फॉर्ममध्ये लिहिलं, आवाज कमी, पकड झकास, दोरी सिंथेटिक, हाताला टोचत नाही. दोरीला जिथे जोड होता तिथे निळी टेप लावली, फेरा मोजायला. टेप वरून आली, खाली गेली, परत वरून आली. एकदम बरोबर.

चाळीस मीटरला गचका बसला.

बारीकसा. मागून कोणीतरी हात बदलून धरावं तसा. मी थांबले. परत ओढलं, परत चार मीटरला गचका. लिहिलं, 'बेअरिंग तपासावं.'

मागे बाबा हसत होते. "रापण," म्हणाले.

रापण माहितीये ना तुला? गावाला समुद्रात लांबवर जाळं टाकतात आणि सगळा गाव किनाऱ्यावरून दोरी ओढतो. बाबा लहानपणी जायचे. तो नियम मला पाठ आहे, कारण माझ्या शाळेच्या रस्सीखेचीला पण त्यांनी हेच सांगितलं होतं. हात लावलो तेका वाटो. रस्त्याने जाणारा माणूस जरी दोरीला लागला तरी त्याच्या वाट्याचे मासे त्याला द्यायचे, कोण तू कुठला विचारायचं नाही. आणि एकदा हात लावला की जाळं वाळूला लागेपर्यंत सोडायचा नाही.

"बाबा, ही जिमची दोरी आहे," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. दोरीच्या मागच्या बाजूकडे बघत होते. भिंतीकडची.

३

मी आकडा लिहून ठेवते रोज, कामच आहे. शुक्रवारी मी संपवलं तेव्हा एकूण दोनशे बारा. शनिवारी सकाळी दूध तापत ठेवून आत आले तर दोनशे एकतीस.

एकोणीस मीटर. माझा पहिला डाउट मावशींवर.

"मावशी, मशीनला हात लावला का?"

"मी कशाला ओढू त्या दोऱ्या? घरी पाणी वढून हात गेले माझे. आनि आत्ता तर आले मी, चपला पन काढल्या न्हाईत."

खरं होतं. मग राहिले बाबा. डाव्या हाताने, बेडवरून? बेडपासून मशीन पाच फूट. तरी मी विचारलंच.

"बाबा, तुम्ही ओढलंत?"

"मियां नाय."

"मग कोणी ओढलं?"

खांदा उडवला. डावाच उडतो ना. मला वाटलं, म्हातारा खोटं बोलतोय. एवढा गोड राग आला मला, म्हटलं चला, काहीतरी लपवण्याएवढा उत्साह तरी आहे. हर्षदला फोन केला, सेन्सर चुकीचं मोजतोय म्हणून. तो ऐकून घेतो, आणि मग हळूच काय विचारतो माहितीये?

"मॅडम, घरात अजून कोणी वापरतंय का?"

"का?"

"नाही, असंच. रिपोर्टमध्ये फक्त तुमचं लिहा. आणि एक, मध्येच सोडू नका हां. आधी ज्यांना दिलं ना, सगळ्यांनी मध्येच सोडलं. मग आम्हाला पूर्ण डेटाच मिळत नाही."

"क्यूसीला उघडलं होतं म्हणालात ना तुम्ही?"

"आवाज कट होतोय मॅडम," म्हणाला आणि ठेवला. आवाज काही कट होत नव्हता. मागे रिक्षाचा हॉर्न स्वच्छ ऐकू येत होता.

४

मशीन तेव्हाच परत पाठवायला हवं होतं. तू हेच म्हणणार. थांब.

सोमवारी बाबा म्हणाले, खुर्ची जवळ घे. घेतली. डाव्या हाताने दोरी धरली. मी म्हटलं चला, व्यायाम. एक नंबर लावला. त्यांनी ओढलं, थोडं, परत थोडं. आणि मग उजवा हात.

मी शप्पथ घेते मानसी. मांडीवरून तो हात सरकला. बोटं उघडली. दोरीवर गेली, मिटली. दोरीला घट्ट धरून ठेवलं त्यांनी. आठ महिने! चमचा धरता येत नव्हता गं! मी ओरडले, मावशी भांडी टाकून आल्या, आम्ही दोघी रडतोय आणि बाबा आमच्याकडे न बघता ओढतायत, डावा, उजवा, डावा, उजवा. व्हिडिओ काढून प्रियंकाला पाठवला. तिने तीन वेळा विचारलं, हा कधीचा व्हिडिओ आहे.

दोरी सोडली की हात परत मेलेला. धरली की जिवंत.

आता सांग, तू परत पाठवलं असतंस?

त्या दिवशी त्यांचे हात पुसायला घेतले तर तळव्यात तांबूस केस अडकलेले. बारीक, ताठ. मला वाटलं ब्रशचे. बाबांनी एक उचलला, हुंगला. "सुंभ," म्हणाले.

सुंभ म्हणजे काथ्याची दोरी, नारळाची. आमची दोरी प्लास्टिकची, काळी कुळकुळीत. मी सगळी फिरवून बघितली, निळी टेप येईपर्यंत. कुठे एक तांबूस धागा नाही. म्हटलं चादरीचं असेल, उशीत काथ्या असेल, पायपुसणं असेल. पायपुसणं काथ्याचंच आहे आमचं, दारातलं. बाबा दारापर्यंत जात नाहीत ती गोष्ट वेगळी.

५

पण आकडा वाढतच होता. मी घरात नसताना पण, असताना पण. एकदा मी बाबांना घेऊन खाली गेले डॉक्टरकडे, मावशी पण बरोबर, घराला कुलूप. आलो तर सोळा मीटर जास्त.

मला वेड लावू नका, म्हटलं. पुरावा पाहिजे. मशीनला एक लॉकची पिन येते, ती घातली की दोरी हलतच नाही. बुधवारी कपाटातून माझ्या कॅरमची पावडर काढली, दोरी फिरवत फिरवत सगळीला चोळली आणि मग पिन घातली. काळ्या दोरीवर पांढरी पावडर. हात लावेल त्याची बोटं दिसणारच. बाबांना हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवलं, मावशींना त्यांच्या बाजूला, खोलीचं दार लावलं आणि मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. दुपारचे बारा. एक तास. कोणी आत गेलं नाही.

आतून आवाज आला एकदोनदा. बारीक. दोरी ताणल्यावर करकरते ना, तसा. मी म्हटलं लोखंड तापलं असेल.

एक वाजता दार उघडलं. पुढची दोरी तशीच, पांढरी. पिन जागेवर.

मागच्या बाजूला, अगदी खाली पुलीजवळ, पावडर गेलेली. मुठीएवढी जागा काळी. मग पांढरी. मग वीतभर वर परत मुठीएवढी काळी. मग अजून एक. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चार मुठी.

मागची दोरी भिंतीपासून दोन इंचांवर आहे मानसी. माझा मिटलेला हात जात नाही तिथे. मी घालून बघितला, सालटं निघाली. आणि भिंतीवर पावडरचा एक ठिपका नाही.

मावशी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, हे वढलेलं न्हाई."

"मग?"

"वढताना हात खाली येतो. पावडर खाली घासली जाती. हे बगा ना, नुसतं धरलंय. धरून वर आलंय. आमच्याकडं हिरीत उतरलेला मानूस असाच चढतो वर."

मी त्यांना म्हटलं, काहीतरीच बोलू नका. गुरुवारी परत पावडर चोळली, परत तास मोजला. कमरेपर्यंत.

६

भिंतीच्या मागे डक्ट आहे. पाइप, कबुतरं, जाळी. मला वाटलं प्लंबर असेल, नाहीतर वरच्या मजल्यावरचे काहीतरी ठोकत असतील, हादऱ्याने पावडर पडली. बाथरूमच्या खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळून टॉर्च मारला. सात मजले खाली अंधार. पाइपला हात लावायला कोणी नाही. कबुतर पण नव्हतं एक. डक्टमध्ये कबुतर नाही, तू ऐकलंयस कधी?

शुक्रवारी, म्हणजे काल, मी ठरवलं. बास. हर्षदला मेसेज टाकला, उद्या बारा वाजता टेंपो पाठवा. त्याचा लगेच फोन. "मॅडम, अजून दोन दिवस ठेवा ना. आकडा छान चाललाय."

"तुम्हाला काय माहीत आकडा?"

तो टेंपोच्या वेळेचं बोलायला लागला.

"हर्षद, तुम्हाला काय माहीत माझ्याकडचा आकडा?"

"मशीन पाठवतं मॅडम. ब्लूटूथ."

खोक्यावर, मॅन्युअलमध्ये, कुठेही ब्लूटूथ लिहिलेलं नाही. मी रात्री दोनदा वाचलं.

बाबांना सांगितलं, उद्या मशीन जाणार. मला वाटलं चिडतील. ते फक्त दोरीकडे बघून म्हणाले, "मी सोडलंय. एकदा."

"काय सोडलंत?"

"हात काचलो. मी ल्हान. सगळे ओरडत हुते आणि मियां सोडलंय." मग एवढंच, "खंडू. पाण्यात."

"कोण खंडू, बाबा?"

मानसी, माझे बाबा एकुलते एक आहेत. मी जन्मल्यापासून हेच ऐकलंय. घरात एक फोटो नाही, एक नाव नाही. खंडू हा शब्द मी काल पहिल्यांदा ऐकला.

७

आज सकाळी साडेअकरा. मी किचनमध्ये, डाळीला फोडणी. टेंपो बाराला येणार म्हणून पाना काढून ठेवलेला. मावशी बाबांचे कपडे वाळत घालत होत्या. आतून हाक आली.

"ताईऽ! ताई, उभं ऱ्हायलेत!"

मी पळत गेले. बाबा उभे. आठ महिन्यांनी, खुर्ची मागे पडलेली, दोन पायांवर, दोन हातांनी दोरी धरून. लॉकची पिन जमिनीवर. ओढत होते आणि दोरी येत नव्हती. एक नंबर होता गं, मुलं पण ओढतील, आणि बाबांच्या मानेच्या शिरा वर आलेल्या, टाचा उचलल्या गेलेल्या. वरून काहीतरी त्यांना उचलत होतं. ते सोडत नव्हते.

"ओढ गो!" मला म्हणाले.

मी धरली. काय करणार? ते पडले असते. मी त्यांच्या हाताखाली धरली आणि अंगाचं वजन टाकलं. आली. वीतभर. परत वीतभर. गचके बसत होते, पण आता नीट, तालात. आपण एक ओढायची, पलीकडून एक पकड. निळी टेप आली फटीतून. तिच्या मागून जी दोरी आली ती काळी नव्हती.

तांबूस. मनगटाएवढी जाड. ओली. माझ्या तळव्यातून घासत गेली आणि कातडं घेऊन गेली, हे बघ, हेच ते. तरी आम्ही ओढत होतो. मी पण. खरं सांगू? सोडावंसं वाटतच नव्हतं. तिकडे कोणीतरी थकलेलं आहे, एवढंच डोक्यात होतं. अजून चार हात, अजून तीन.

"खंडू, धर! घट धर!" बाबा वर फटीत ओरडत होते. हसत होते. तेरा वर्षांच्या पोरासारखे.

आणि फटीच्या कडेवर बोटं आली.

चार. आतून. आधी एक, मग बाकीची, प्लास्टिकच्या कडेला चाचपत धरत. पांढरी, सुरकुतलेली, कपडे धुऊन झाल्यावर होतात ना, त्याच्या किती पट. डबा एवढासा आहे मानसी, प्रेशर कुकरएवढा. आत ड्रम आहे. मी बघितलंय आत काय आहे ते.

"मावशी, कोयता!"

नारळ फोडायचा कोयता असतोच आमच्याकडे. त्यांनी दिला. मी बाबांच्या हाताच्या वर एक घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला तुटली. तुटलेलं टोक सप्पकन वर गेलं, फटीत. बोटं होती अजून. एक क्षण नुसती होती, कशालाही न धरता. मग नव्हती.

बाबा खाली बसले. पडले नाहीत, बसले. उजवा हात मांडीवर, छत्रीसारखा.

माझ्याकडे बघून म्हणाले, "तुया पण सोडलंस."

८

मग मी शहाण्यासारखं वागले. बाबांना बेडवर घेतलं, हात धुतले, मावशींनी हळद लावली, बँडेज बांधलं. जमिनीवरची दोरी उचलली. काळी. प्लास्टिकची. एका जागी तुटलेली, निळ्या टेपच्या शेजारी. तांबूस काही नाही, ओलं काही नाही. म्हटलं, अपूर्वा, तू एका चांगल्या मशीनची दोरी तोडलीस, एवढंच झालंय. बाबा उभे राहिले, तू घाबरलीस, हात सोलवटले, डोळ्यांपुढे काहीतरी आलं. चहा पी.

मावशींना विचारलं, "तुम्ही काय बघितलं?"

"मी खाली बगत हुते ताई. सायबांच्या पायांकडं. टाचा जमिनीला न्हवत्या." आणि मग, "वर न्हाई बगितलं मी. मुद्दामच."

बाराला टेंपोवाला आला. मी पाना घेऊन वाकले, पहिला नट सैल केला, आणि स्क्रीन दिसली. एकूण चारशे सहा.

दोरी माझ्या पायाशी पडलेली, मानसी. ड्रमवर काही नव्हतं. आणि चारशे सहाचं चारशे सात झालं.

मी बाबांकडे वळले. ते मशीनकडे बघत होते. आणि त्यांचा उजवा हात, चादरीवर ठेवलेला, दोरी नाही, काही नाही, त्याची बोटं मिटली. हळू. उघडली. मी स्क्रीन बघितली. चारशे आठ. बोटं मिटली.

टेंपोवाला दारात, "मॅडम, उचलू ना?"

उचल म्हटलं असतं तर ते बंद. हात बंद. हे मला कळत होतं, कुठून ते विचारू नकोस. मी नट परत घट्ट केला. टेंपोवाल्याला म्हटलं, आज नाही. तो शिव्या घालत गेला. मग मी मावशींना म्हटलं, तासाभरात येते, आणि मेट्रोत बसले, आणि तुझ्याकडे आले. पळून आले, खरं बोलायचं तर. मावशी पाचला जातात. पाचच्या आत मला घरी पोचायचंय.

नाही, थांब, संपलं नाही. खाली तुझ्या गेटपाशी होते ना आत्ता, तेव्हा मावशींचा फोन आला. आवाज एकदम साधा. जेवणाचं विचारायला.

म्हणाल्या, "ताई, सायब खुर्चीत बसलेत. बरे हायेत. उजव्या हातानं घास घेतो म्हनतात. पन दोन ताटं वाढायला सांगतात. मी म्हनलं, ताई न्हाईत घरी. तर म्हनतात, अपूचं न्हाई. हात लावला त्याला वाटा द्यायचा असतो म्हनं." आणि लगेच पुढे, "ताई, मशीनवर पाचशे झालेत. आनि ते वर, त्या फटीतून, पानी गळतंय. वाढू का दुसरं ताट?"

मी काय सांगितलं ते राहू दे. ते मी तुला सांगणार नाही. तू सांग, मानसी. इथे आरामात बसून, विचार करून सांग. वाढा म्हणाली असतीस?